साडी दहा मिनिटांत, मेडिक्लेम ‘बघू दिवाळीनंतर’

पत्र थोडक्यात असं: लेखिका ३८ वर्षांच्या, लालबाग परिसरात राहतात. दहा वर्षं घरातून साड्या आणि दिवाळीला फराळ विकला, धंदा बरा चालायचा. चौदा महिन्यांपूर्वी परीक्षा देऊन आयुर्विमा आणि आरोग्यविमा दोन्हीची एजन्सी घेतली आणि शाखेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून साड्या बंद केल्या. तेव्हापासून ओळखीचेच लोक टाळतात. तीन हजारांची साडी दहा मिनिटांत घेणाऱ्या बायका मेडिक्लेम म्हटलं की ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणतात. टर्म पॉलिसीचं, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचं, नाव काढलं की ‘घरात असलं अभद्र बोलू नकोस’. साहेबांचं म्हणणं, थोडी भीती घाला, नाहीतर मनी बॅक (मधूनमधून काही पैसे परत देणारी पॉलिसी) विका, ते पटकन जातं. दीर पॉलिसी घ्यायला तयार आहेत, पण पहिला हप्ता वहिनीने भरावा ही अट. मध्येच एका मामींच्या डेंग्यूच्या क्लेममागे चार दिवस गेले आणि त्या महिन्याचं टारगेट बुडालं. प्रश्न असा: ‘ज्याचा फायदा आज दिसत नाही ते आपल्या लोकांना विकताच येत नाही का? की मलाच जमत नाही? सोडून देऊ का?’

ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही मान डोलावली. खरंय, लोकांना आजचं दिसतं, उद्याचं दिसत नाही. दुसऱ्यांदा वाचताना ‘लालबाग’ या शब्दापाशी अडखळले.

एप्रिल-मे महिन्यात तुमच्याच भागातल्या मिरची गल्लीत काय चालतं, ते आठवा. भर उन्हात बायका येतात. बेडगी इतकी, काश्मिरी इतकी, रंगाला ही, तिखटाला ती, असा हिशेब करत किलोंनी मिरची घेतात. देठं खुडून ती वाळवतात, धणे-खोबरं भाजतात आणि डंकासमोर नाकाला पदर लावून, शिंकत, तासन् तास नंबर लावून बसतात. घरी आणून मसाला बरणीत दाबून भरतात, वर हिंगाचे खडे ठेवतात. त्यातला बराचसा मसाला खायला अजून सहा-आठ महिने असतात. तरी त्यांतली एकही बाई डंकवाल्याला विचारत नाही की, ‘याचा मला आज फायदा काय?’ आपल्या भाषेत या कामाला खास शब्द आहे: बेगमी. पापड, कुरडया, लोणचं, कडधान्य, पावसाळ्याआधी केलेली सगळी तजवीज. जिच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द आहे, तिला उद्याची पर्वा नाही असं कसं म्हणायचं?

आणि भिशी? बारा जणी वर्षभर दरमहा पैसे टाकतात. जिचा नंबर शेवटी, ती अकरा महिने दुसऱ्यांच्या हातात पैसे जाताना बघते आणि तरीही पाच तारखेला तिचे पैसे हजर असतात.

म्हणजे ‘आपल्या लोकांना उशिरा मिळणारी गोष्ट नकोच असते’ हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. (आंब्याचं झाड लावणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट मी सांगणार नाही. ती तुमच्या ट्रेनिंगमध्ये झालीच असेल.) लोक उशिरा मिळणारं घेतात, पण काही खात्री पटल्यावर. मसाला डोळ्यांसमोर कुटला जातो. त्याला तारीख असते, पाऊस लागायच्या आत उरकायचं. जावा-नणंदा मिळून करतात. आणि डंकवाला पुढच्या वर्षीही त्याच जागी असणार, हे ठाऊक असतं. भिशीत तर दर महिन्याला कुणाला तरी पैसे मिळताना सगळ्याजणी बघतात. उशीर होतोय तो फक्त मला, भिशी चालतेय हे मात्र दिसतंय.

आता विम्याकडे या. काय दिसतं? चाळीस पानांचं पाकीट, त्यातली पहिली दोन पानंही कुणी वाचत नाही. दर वर्षी खात्यातून जाणारी रक्कम. आणि एजंट? माझंच सांगते. कित्येक वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने मला पंधरा वर्षांची पॉलिसी दिली. पहिल्या वर्षी दोनदा घरी आला, पेढेही घेऊन आला. दुसऱ्या हप्त्यानंतर त्याचा फोन लागेना. माझा पत्ता बदलला तेव्हा कागदांसाठी मी एकटीच हेलपाटे घालत होते. पैसे बुडाले नाहीत, पण पुढे कुणी ‘पॉलिसी’ म्हटलं की माझा चेहरा तुमच्या त्या ‘दिवाळीनंतर’वाल्या मैत्रिणीसारखाच व्हायचा. ‘दिवाळीनंतर’ या शब्दाचा अर्थ ‘मला उद्याचं कळत नाही’ असा मी घेत नाही. ‘उद्या तू असशील का?’ हे तोंडावर विचारता येत नाही, म्हणून माणूस दिवाळीचं नाव घेतो.

साड्यांचंही पुन्हा बघा. तुम्हाला वाटतं साडी पटकन जायची, कारण फायदा लगेच. मला शंका आहे. तुम्हीच लिहिलंय की बायका पैसे दोन-तीन महिन्यांत जमेल तसे द्यायच्या आणि ‘काठ आवडला नाही तर परत आण’ असं तुम्ही म्हणायचात. म्हणजे त्या साडीबरोबर तुमचा पत्ता विकत घेत होत्या. साडीचा रंग गेला तर कुणाच्या दाराची कडी वाजवायची, हे माहीत होतं. ते सगळं तुम्ही पॉलिसी विकताना घरी ठेवून जाता, आणि बरोबर नेता ते कंपनीचं रंगीत पत्रक.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: मामींच्या क्लेममागे चार दिवस गेले. मला त्या चार दिवसांबद्दल आणखी वाचायला आवडलं असतं. रात्री अकराला फोन आला, तुम्ही कार्ड आणि आधारची झेरॉक्स घेऊन गेलात, कॅशलेसच्या खिडकीवर फॉर्म भरलात. मंजुरी अडली तेव्हा डॉक्टरांकडून एक कागद आणून दिलात आणि शेवटी हातमोजे-सिरिंजचे पैसे बिलातून का कापले हे मामींच्या मुलाला समजावलंत. ताई, तुमची भिशी तिथे उघडली गेली. उशिरा मिळणारी गोष्ट एका घराला मिळाली, आणि त्या मजल्यावरच्या निदान पाच घरांनी ते पाहिलं. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी नवीन नावांची यादी घेऊन भलतीकडे गेलात, कारण टारगेट बुडालं होतं.

तर पहिलं काम. मामींना विचारा, ‘तुमचं उदाहरण कुणाला सांगितलं तर चालेल का?’ विचारल्याशिवाय सांगू नका, आजारपण घरचं असतं. त्या हो म्हणाल्या, तर तुम्ही सांगूच नका, त्यांनाच सांगू द्या. हळदीकुंकवाला, गच्चीवर, कुठेही. आणि खरं ते सगळं सांगू द्या, कापलेल्या पैशांसकट. ‘सगळं बिल मिळालं’ यापेक्षा ‘इतके मिळाले, इतके खिशातून गेले, पण दागिना गहाण ठेवावा लागला नाही’ हे बाईला जास्त खरं वाटतं.

दुसरं थोडं उलटं वाटेल: विकायच्या आधी स्वस्तात किंवा फुकट काय मिळतं ते सांगा. तुमच्या भागात मेडिक्लेम म्हटलं की ‘आम्हाला केईएम आहे की’ हे उत्तर येतंच. १९२६ सालापासून ते रुग्णालय तिथे उभं आहे, घराघरातली बाळंतपणं तिथे झाली आहेत. त्या उत्तराशी वाद घालू नका, ते बरोबरच आहे. उलट विचारा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांसाठी, ठरलेल्या रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, त्यासाठी तुमचे कागद तयार आहेत का? मग बँकेचं पासबुक मागा. मे-जूनच्या पानावर ४३६ रुपये कापल्याची ओळ दिसते का बघा. ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना असते, २ लाखांचा आयुर्विमा. शेजारी २० रुपयांची ओळ असेल तर तो २ लाखांचा अपघात विमा. बँकेतल्या माणसाने कधीतरी सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. ती ओळ पेन्सिलीने गोल करा, नॉमिनी कोण ते बँकेत विचारायला सांगा, आणि त्या दिवशी काहीही न विकता चहा पिऊन उठा.

यात तुम्हाला कमिशन नाही, ठाऊक आहे. पण त्या घराला आजच्या आज काहीतरी मिळालं. ज्या वस्तूचा फायदा लांब आहे, ती विकणाऱ्याने स्वतःचा फायदा तरी जवळ आणून दाखवावा. आणि त्या पेन्सिलीच्या गोलानंतर ‘हे २ लाख किती महिने पुरतील?’ हा प्रश्न घरातलंच कुणीतरी काढतं. तुम्ही काढलात तर ते अभद्र होतं, त्यांनी काढलं तर तो हिशेब असतो.

साहेब भीती घालायला सांगतात त्याबद्दल. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हटलं तर मांडवाला आग लागल्याचं सांगणाऱ्याला आपल्याकडे जेवायला वाढत नाहीत. भीतीने सही होते, हे खरं. पण भीती आठवड्यात विरते आणि हप्ता वर्षाने येतो. तेव्हा घाबरलेली बाई विचारते, ‘काही झालं तर नाहीच, कशाला भरायचं?’ आणि पॉलिसी लॅप्स. वर त्या घरातल्या लग्नाला तुम्हाला बोलावणं नाही.

घाईचं खरं कारण तुमच्याकडे आहे की. ते भीतीपेक्षा साधं आहे आणि खोटं नाही. मेडिक्लेममध्ये आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती वर्षं पॉलिसी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजतात. मध्ये कंपनी बदलली तरी, खंड न पाडता रीतसर पोर्ट केली, तर काढलेला काळ वाया जात नाही. म्हणजे ‘फायदा आज नाही’ असं म्हणताना, घड्याळ मात्र आज सुरू होतं. बरण्या जूनच्या आत भरायच्या असतात, त्यातलाच हा प्रकार. एवढंच सांगा: ‘शुगर आहे ना, मग तीन वर्षं कधीपासून मोजायची ते तुम्ही ठरवा.’ आणि शुगर फॉर्मवर लिहाच. ‘नको लिहूस, हप्ता वाढेल’ असं कुणी म्हणालं तर लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे पाठवू नका. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी वर येतो, आणि मग भांडायला तुमच्याच दारात येतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसरं काही मिळत नाही, हेही आधीच सांगा. वाईट बातमी विकणाऱ्याच्या तोंडून आली की चांगली बातमीही खरी वाटायला लागते.

कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे तुम्ही किती जणींना सांगितलंय? माझा अंदाज, एकीलाही नाही. साहेबांना आवडणार नाही. पण तुमचं ‘काठ आवडला नाही तर परत आण’ हे जे होतं, त्याचंच हे कायदेशीर रूप आहे. थोडा खर्च कापला जातो, तोही सांगा.

मनी बॅकबद्दल मी फार लिहिणार नाही. ते पटकन का जातं? कारण त्याच्या नावातच फायदा आहे. ज्या घरात विम्याची रक्कमही पुरेशी आहे आणि हप्ता शेवटपर्यंत झेपेल, तिथे विका. पण कमावत्या माणसामागे चार तोंडं आहेत आणि हप्त्याला जेमतेम पैसे आहेत, तिथे त्याच पैशांत टर्म कितीतरी मोठी मिळते. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत पॉलिसी सोडली तर भरल्यापेक्षा कमी हातात येतं. हे तुम्हाला कळतं, म्हणूनच तुम्ही मला पत्र लिहिलंत, साहेबांना नाही.

दिराला नाही म्हणा. विमा कायदा १९३८, कलम ४१. कमिशनमधून सूट देणं किंवा अशा आमिषाने पॉलिसी विकणं गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. घरात हे सांगताना स्वतःचं नाव पुढे करू नका. ‘भाऊजी, कायद्याने बंदी आहे, माझं लायसन्स जाईल’ असं हसत म्हणा. त्यांना हप्ता जड जात असेल, तर महिन्याचा हप्ता करून द्या. चहा-वडापावच्या मापात आलेली रक्कम वर्षाच्या रकमेइतकी डोळ्यांत भरत नाही. आणि पहिलाच हप्ता जो स्वतः भरत नाही, तो दुसरा भरेल असं तुम्हाला वाटतं?

आता तुमच्या पोटाचं. साड्या बंद केल्यात, ही मला या सगळ्या प्रकरणातली खरी चूक वाटते. जरा बघा, तुम्ही स्वतःही उशिरा फळणारी एक वस्तू विकत घेतली आहे: ही एजन्सी. नूतनीकरणाचं कमिशन वर्षामागून वर्ष थोडं थोडं साचत जातं, पण त्यासाठी आधी ती वर्षं तग धरावी लागते. चौदा महिन्यांत तुम्हाला जे वाटतंय, ‘इतकं भरतेय, मिळत काहीच नाही’, तेच तुमच्या गिऱ्हाइकाला वाटतं. ही जाणीव जपून ठेवा, कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळायची नाही. आणि तग धरायला साड्या पुन्हा सुरू करा. आठवड्याचे चार दिवस साडी-फराळ, दोन दिवस विमा. घरखर्च साड्यांवर निघाला की तुमच्या आवाजातली ती घाई जाईल, जी समोरच्या बाईला उंबऱ्यातच ऐकू येते. टारगेट? ते साहेबांचं आहे. एजन्सी टिकवण्यापुरता किमान धंदा किती लागतो, ते त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या आणि तेवढाच आकडा डोक्यात ठेवा.

एक जुनी गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. परक्या विमा कंपन्या एके काळी भारतीय माणसाला विमा देताना जादा हप्ता लावत, भारतीय आयुष्य जास्त धोक्याचं म्हणून. १८७० साली याच शहरात बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने नेहमीच्या दरात आपल्या लोकांचा विमा उतरवला. फायदा तेव्हाही उशिराच मिळायचा. फरक इतकाच, समोरचा आपल्याला आपल्यातला मानतोय हे पहिल्याच हप्त्याला कळत होतं.

तुमच्यासारखीच अडचण असलेली आणखी पत्रं माझ्याकडे पडून आहेत. एक जण गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतात. फेब्रुवारीत सोसायट्या ‘पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ’ म्हणतात आणि जुलैत, काम करता येत नाही तेव्हा, सगळ्यांचे फोन येतात. त्यांना मी म्हणेन, जुलैतच जा. वरच्या मजल्यावरच्या ओल आलेल्या भिंतीचे तारखेसकट फोटो काढून सेक्रेटरींच्या हातात ठेवा, पाच मिनिटांत गळती तात्पुरती थांबेल असं काही करून द्या, आणि पैशांचं बोलणं जानेवारीत करा, तेच फोटो घेऊन. एक योगशिक्षिका तीन महिन्यांची फी आगाऊ मागतात आणि लोक दुसऱ्या आठवड्यात गळतात. बाई, पहिल्या दिवशी प्रत्येकीला खाली वाकायला लावा, बोटं जमिनीपासून किती वर राहिली ते पट्टीने मोजून वहीत लिहा, आणि महिन्याने पुन्हा मोजा. वजन उतरायला वेळ लागतो, दोन बोटांचा फरक आधी दिसतो.

ताई, सोडायचं की नाही, ते आज ठरवू नका. बारा महिने द्या, पण मोजायचं माप बदला. महिन्याला नवीन किती झाल्या ते साहेब मोजतीलच. तुम्ही एका वहीत फक्त दोन रकाने करा: दुसरा हप्ता किती जणींनी न विचारता भरला, आणि कुणाच्या ओळखीने कोण आलं. पुढच्या मिरचीच्या दिवसांत मला त्या वहीतले दोन आकडे कळवा. आणि मामींचे प्लेटलेट आता किती आहेत, तेही.